मतफलकावरचा माझा कागद

मुरबे, गुरुवार, १९८४

टाचणी काढत होतो, तेवढ्यात वाचनालयाच्या अण्णांनी हात धरला. वाचनालयाच्या मतफलकावर, जिथे कोणीही आपलं मत लिहून लावतो, तिथला तो कागद माझाच. चैत्रात लिहिलं होतं: होडी विकून कारखान्यात जाणारा माणूस गावाचा राहत नाही.

गेल्या महिन्यात धाकट्या भावाने होडी विकली आणि बोईसरला कारखान्यात कामाला लागला. आता बंदरावरचे खलाशी त्याला माझं वाक्य म्हणून दाखवतात. काल म्हणाला, "दादा, तेवढा कागद काढ. तुजा भाऊ हाय मी."

अण्णांनी कागदाखाली फळ्यावर पेन्सिलीने लिहिलेली उत्तरं दाखवली. आमच्याकडे वाचणारा तिथेच उत्तर लिहितो.

"मास्तर, तुमचा कागद गेला तर ही मानसं भिंतीशी बोलतात का? एकदा लावला, तो गावाचा."

"अक्षर माझं आहे, अण्णा."

"हाय ना. त्या खलाशांना वाचायला पन तुमीच शिकवलंत."

टाचणी परत दाबली. फाडला असता तरी काय? त्यांना तो पाठ आहे. माझं वाक्य गावाचं, आणि माझा भाऊ नाही?

शुक्रवार सकाळ. भाऊ पहिल्या पाळीला निघाला. बंदराचा रस्ता सोडून खाजणाच्या चिखलातून सायकल ढकलत गेला.