तुझ्या दहाव्याला मी नव्हतो

प्रिय सुनंदा,

आज तुझा दहावा होता आणि मी आलो नाही. तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहितो. नदीवर सगळे जमले होते म्हणे: तुझ्या माहेरचे, माझ्या शाळेतले, गुरुजीसुद्धा वेळेवर. नवरा तेवढा गैरहजर. गावात कोणाच्याही दहाव्याला जाऊन गुरुजींचे उच्चार दुरुस्त करणारा मी. आज त्यांना केवढं मोकळं वाटलं असेल.

मी यवतमाळलाच होतो, दवाखान्यात, नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात. उघड्या छातीवर आपली मुलगी घेऊन. अकराशे ग्रॅम. माझा संस्कृत शब्दकोश तिच्याहून जड आहे. चौदा वर्षं वाट पाहायला लावली आणि आली ती दोन महिने आधी. तुमच्या घरात वेळ पाळायची पद्धतच नाही का?

तिला अजून नाव नाही. कागदावर नुसतं 'बेबी ऑफ सुनंदा'. दारातून हाक येते, "सुनंदाचे नातेवाईक कोण?" आणि मी उठतो. दिवसातून पाच-सहा वेळा कोणीतरी तुझं नाव मोठ्याने घेतं. नाव ठेवायची मला घाई का नाही, हे तुला कळेल.

तिसऱ्या दिवशी पुष्पा सिस्टरने मला शर्ट काढायला सांगितलं. मी सुतकाची अडचण सांगितली. दहा दिवस कोणाला शिवायचं नाही वगैरे.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमचं सुतक साबणानं जात असन तं कोपरापर्यंत हात धुवा अन् बसा खुर्चीत. पोरगी वाट पाहून राह्यली."

इतका आटोपशीर निर्णय मी कुठल्याही ग्रंथात वाचलेला नाही. तिने बाळाला माझ्या छातीला लावलं, वरून कापड गुंडाळलं. "हे आईचं काम हाये. आता तुम्हीच आई."

सुनंदा, तिचा श्वास मध्येच थांबतो. श्वास घ्यायचा असतो हेच ती विसरते, असं डॉक्टर म्हणतात. मशीन वाजायला लागतं, ओठ निळे पडतात. सिस्टर तळव्याला टिचकी मारते, मग ती दचकून पुन्हा सुरू होते. आज सकाळी मी नदीवर यायला निघालो होतो, पिशवी खांद्याला होती, तेव्हा तिचा श्वास दोनदा थांबला. दुसऱ्यांदा टिचकीने भागलं नाही. तोंडावर मास्क धरून फुग्याने हवा द्यावी लागली.

नंतर सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाली, "काचेच्या पेटीत ठेवली की श्वास जास्त थांबते. तुमच्याजवळ कमी. जायचं असन तं जा, मी नाही म्हणत नाही."

मी पिशवी खाली ठेवली. थोड्या वेळाने तुझ्या भावाचा फोन आला.

"भाऊजी, कुठी हाये तुमी? सारे थांबले."

"मी येत नाही. तूच कर सगळं."

"मी? भावानं केलं तं चालते का?"

"शास्त्राला चालतं."

"पक्कं?"

"पक्कं."

पोथी न उघडता शास्त्रार्थ सांगण्याची माझी ही पहिलीच वेळ. खरंच चालतं का, मला ठाऊक नाही. तिकडे कोणी जाणकार भेटला तर विचारून ठेव.

पण मला सांगायचं होतं ते हे नाहीच. ते टाळत इथवर आलो.

त्या दिवशी तुझी जोडवी निघेनात. पाय सुजले होते, चेहराही. "अहो, पाहा ना," म्हणालीस. मी पाहिलं आणि म्हणालो, "गजगामिनी." तू उशी फेकून मारलीस आणि हसलीस. मला वाटलं, विनोद जमला. सुजेचा आणि रक्तदाबाचा संबंध इथल्या डॉक्टरांनी मला तीन वाक्यांत समजावला, तेव्हा तू गेली होतीस. डोकं फुटायला आलंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, हे तू भावाला फोनवर सांगितलंस. मला का नाही सांगितलंस? मी आणखी एखादं विशेषण शोधेन म्हणून? तू हसलीस म्हणून मी सुटतो का, सुनंदा? काही तरी बोल. रागावून बोल.

लोक दहाव्याला मोठी वचनं देतात. तिला वाढवीन, शिकवीन, असं लिहायला बसलो तर हात पुढे जात नाही. ते माझ्या हातात नाही, आणि डॉक्टर तर उद्याचंही बोलत नाहीत. माझ्या हातात आहे तेवढंच देतो. ती श्वास विसरली की मी तळव्याला टिचकी मारीन. पुन्हा विसरली की पुन्हा. शाळा, गाव, तुझा तेरावा, सगळं थांबेल. मी या खुर्चीवरून हलणार नाही.

आणि तरीही तिला जायचंच असेल, तर ती काचेच्या पेटीतून जाणार नाही, माझ्या अंगावरून जाईल. तुझ्या वेळी त्यांनी मला दाराबाहेर उभं राहायला सांगितलं आणि मी शहाण्यासारखा उभा राहिलो. या वेळी नाही.

तुझा,
वामन