कापून उरलेला तुकडा

९ मे, सोमवार
दुकानातून

प्रिय ठमीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तू सायकलवर निघालीस त्याला आज चार दिवस झाले. फोन मुद्दाम घरी ठेवून गेलीस ते एका परीनं बरंच. नाहीतर तू माझा फोन कापला असतास आणि मला पत्र लिहायची बुद्धी झाली नसती. तुझ्या मुक्कामांची यादी वहिनीनं फ्रिजवर चिकटवली आहे. त्यातल्या तलावाकाठच्या विश्रामगृहावर हे कुरिअरनं पाठवतोय. उद्या पोचेल म्हणाले.

आमचं ठीक. दुकानात गर्दी आहे. परवा एका आजोबांनी नवा चष्मा लावून आधी आजींकडे पाहिलं आणि म्हणाले, जुनाच द्या.

काल, रविवारी, बंद पेट्रोलपंपावर आपली गिअरवाली सायकलवेडी मंडळी जमली होती. ग्रॅममास्तरांनी छताच्या आकड्याला वजनकाटा लावला आणि एकेक सायकल टांगली. दाढीवाल्यानं नवी बांधणी आणली होती. मागच्या चाकाला बारा दातेरी चकत्यांची कॅसेट, सोनेरी चेन. चेन मळेल म्हणून तिला तेल लावलेलं नाही, त्यामुळे ती बेडकासारखी ओरडत होती. दुसऱ्या एकानं सीटचे स्क्रू बदलून अठरा ग्रॅम वाचवले, ते तो चौथं केळं खात सांगत होता. तू असतीस तर हसून हसून पोट दुखलं असतं तुझं.

तुझ्या म्हशीचा, म्हणजे सायकलचा, विषय निघालाच. चौदा किलो चारशेची सायकल मी तेरा सातशेवर आणली, याचं अजून कौतुक चाललंय. महिन्याची सायकल म्हणून तिचा फोटो लावलाय. तू मात्र आधीच्या रविवारी सगळ्यांदेखत "तुला कुणी सांगितलं होतं?" म्हणालीस आणि ताडताड निघून गेलीस. चांगला कार्बनचा चिमटा बसवला तुझं पुढचं चाक धरायला, लोखंडी ओझं काढलं, तर वर मलाच बोलणी. असू दे. राग गेला का?

आणि हो, खिंडीचा उतार बावीस किलोमीटर आहे म्हणे. जपून. पुढचा ब्रेक फार आवळू नकोस. वाटेत कुणी सायकल दुरुस्तीवाला दिसला तर पुढचा भाग एकदा बघून घे. उगाच आपलं. नवी बांधणी आहे म्हणून.

तुझा,
दादा


११ मे, बुधवार
दुकानातून, शटर अर्धं ओढून

प्रिय ठमे,

माझं पाकीट तू घेतलं नाहीस. काल रात्री मी विश्रामगृहात फोन केला तेव्हा तिथला मॅनेजर म्हणाला, "बाईंनी अक्षर बघितलं आणि परत पाठवा म्हणाल्या." तो बिचारा खजील झाला होता, जणू त्यानंच भांडण लावलंय. मी म्हटलं, निदान निरोप द्या, सायकल तपासून घे म्हणावं. तो गेला आणि परत आला. "त्या म्हणतात, तपासली आहे, मी स्वतः तपासली आहे."

ठमे, तू तपासलंस त्यात ते दिसणार नाही. ते आत आहे.

नीट सांगतो. तो चिमटा नवा नव्हता. माझाच जुना. मागच्या वर्षी उभ्या गाडीचं दार उघडलं आणि मी त्यावर आदळलो, तेव्हा सायकलवर होता तो. बाहेरून ओरखडे होते, ते मी घासले, काळा रंग मारला, वर स्टिकर लावला. दिसायला झकास. तुझ्या सायकलला बसवताना चिमट्याची वरची नळी दोन बोटं जास्त होती, ती करवतीनं कापली. कापलेला तुकडा माझ्या काउंटरवर बिलांवर वजन म्हणून ठेवला होता. काल सहज भिंग लावून पाहिला. त्यात एक रेघ आहे. केसाएवढी. ती रेघ थेट कापलेल्या कडेपर्यंत जाते, म्हणजे तुझ्याकडच्या नळीतही ती खाली उतरली असणार. आणि ती नळी फ्रेमच्या पोटात आहे. चिमटा उपसून काढल्याशिवाय ती कुणालाच दिसायची नाही.

सपाट रस्त्यावर काही होत नाही कदाचित. तू पाचशे किलोमीटर गेलीस की. पण उतारावर, दोन्ही बाजूंना पिशव्या, वळणावर ब्रेक दाबलास की सगळा भार तिथेच येतो. काही झालं तर आधी आवाजसुद्धा येणार नाही. मला कालपासून अन्न गोड लागत नाही. वहिनीला अजून सांगितलेलं नाही. तिनं विचारलं, "एवढं काय झालंय तुला?" तर मी म्हटलं, अॅसिडिटी.

हे पाकीट फोड. एवढं एकदा फोड.

दादा


१३ मे, शुक्रवार, दुपारी दोन
खिंडीच्या पायथ्याशी, बेकरीबाहेरच्या बाकावर

ठमे, खिंडीच्या उतारावर सायकलवर बसू नकोस. चिमट्याला आतून तडा आहे.

वरची ओळ मोठ्या अक्षरात लिहिली आहे, आणि या कागदाला पाकीट नाही. दुसरंही पाकीट तू न फोडता परत केलंस. काल सकाळी मी पुन्हा मॅनेजरला फोन केला आणि एकदाचं सगळं खरं सांगून टाकलं. तो म्हणाला, "अहो, हे परवाच का नाही सांगितलंत? बाई तासाभरापूर्वी निघाल्या." तू पलीकडच्या बाजूनं चढून आज खिंडीतल्या मुक्कामाच्या झोपडीवर पोचशील आणि उद्या सकाळी सहाला उतरायला लागशील, असं तुझ्या यादीत आहे. वर फोन लागत नाही.

वहिनीला सांगितलं. ती ओरडली नाही. तिनं माझी पिशवी भरली आणि म्हणाली, "तिला घेतल्याशिवाय येऊ नकोस." मी रात्रीच्या बसनं इथे आलो. वर जाणारी गाडी उद्या दुपारची आहे. बाकीच्यांना विचारून झालं, कुणी वर जात नाही. फक्त एक अंडीवाला मोपेडवरून झोपडीला अंडी पोचवायला निघालाय. मी म्हटलं, सगळी अंडी मी विकत घेतो, मला बसव. त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "साहेब, या चढाला ही एकट्या मला नेते तेच पुष्कळ." म्हणून हा कागद त्याच्याबरोबर देतोय. तो वाचेल. झोपडीवरचेही वाचतील. वाचू देत. मी त्याला सांगितलंय, बाईंनी कागद घेतला नाही तर मोठ्यानं वाचून दाखव, जेवणाच्या टेबलाशी, सगळ्यांदेखत. तुझ्या सायकलला मी सगळ्यांदेखत म्हैस म्हणालो होतो, आणि पंपावरचे सगळे हसले होते, तेव्हा तुझं तोंड कसं झालं होतं ते मला दिसलं होतं.

आता उरलेलं.

तो तुकडा मी मंगळवारी पहिल्यांदा पाहिला नाही. कापला त्याच दिवशी पाहिला. दिवसभर लोकांच्या काचांवरचे चरे शोधणारा माणूस मी. हातात भिंग होतं. रेघ दिसली. आणि मी चिमटा बसवला, कारण दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि काटा चौदाच्या खाली यायला हवा होता. मनाशी म्हटलं, रंगाची रेघ असेल. रंगाची नाही, हे मला माहीत होतं.

तू म्हणालीस, माझा लोखंडी चिमटा परत दे. मी म्हणालो, भंगारात दिला. दिला नव्हता. दुकानात चष्म्यांच्या फ्रेमच्या कपाटामागे उभा होता. तू विचारलंस, "हा नक्की मजबूत आहे ना?" मी आईची शपथ घेतली. भांडत होतीस तरी त्या शपथेवर विश्वास ठेवलास आणि निघालीस. आईला जाऊन वर्ष झालं नाही. तिच्या नावानं मी सातशे ग्रॅम वाचवले.

तुझा जुना चिमटा आत्ता माझ्या पाठीवर बांधलेला आहे. बसच्या टपावरून माझी सायकल उतरवली. सात किलो चारशे. काट्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या हिला. चढाचा गिअर हिला नाही, वजन वाढतं म्हणून मीच काढून टाकला होता. अर्ध्या तासात मी खाली उतरून ढकलायला लागेन हे मला दिसतंय. ढकलीन. बावीस किलोमीटर आहेत, रात्र आहे, सकाळ आहे.

तू मला माफ कर असं मी म्हणत नाही. भेटल्यावर बोलू नकोस हवं तर. फक्त उतरशील तेव्हा सायकल हातात धरून पायी ये. वळणावर कुणी घामाघूम म्हातारा सायकल ढकलत येताना दिसला तर थांब.

अंडीवाला किक मारतोय.

पायी ये, ठमे. मी चढतोय.

आईची खोटी शपथ घेतलेला,
तुझा सख्खा दादा