कडी कोणाला भिऊन

शिंगणापूर, ता. नेवासे
शुक्रवार, ९ फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप दादा,

तुम्हाला आणि वहिनींना नमस्कार. मी ख्रिस्ती झाल्यापासून आपलं बोलणं बंद आहे. तेव्हा माझं अक्षर ओळखून हे पत्र न वाचता बाजूला ठेवू नका, एवढी पहिली विनंती.

मी आणि बायको लीना, आम्ही दोघं ठीक आहोत. दुष्काळाचं काय लिहू, तुमच्या केडगावावरही तेच कोरडं आभाळ असणार. आमच्या प्रार्थनाघराच्या अंगणात रोज मुलांना मदतीच्या पिठाची सुकडी वाटतो. लीना गावच्या शाळेत शिकवते, शाळा सुटली की थेट तिथेच येते. वाटप तिच्याकडे आणि बोलणं माझ्याकडे, अशी विभागणी होती. होती म्हणजे काय, ते पुढे लिहितो.

या गावातल्या घरांना चौकटी असतात, दारं नसतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शनिदेव राखण करतो, अशी लोकांची श्रद्धा. दिवाळीनंतर मी अंगणात उभा राहून तासभर बोललो. भीतीच्या जोरावर चालणारी राखण ही राखणच नव्हे, देवानं ज्याला लेकरू म्हटलं त्यानं कुठल्या ग्रहाला भिऊ नये, असं बरंच काही. तेवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? सोनईच्या सुताराकडून फळ्या आणून प्रार्थनाघराला दार बसवलं. आतून कडी, बाहेरून कुलूप.

गाव चिडेल असं वाटलं होतं. शेजारचा शेतकरी कारभारी तेवढा कट्ट्यावरून म्हणाला, "बसवा, पाद्रीबाबा. आत न्यायजोगं काय हाय, त्ये तरी कळंल आमाला." सगळे हसले. मी नाही हसलो.

त्या रात्री जेवताना लीनानं शांतपणे विचारलं, "शनीला भीत नाही म्हणून दार बसवलंत. मग कडी कोणाला भिऊन?"

सुकडीची पोती आहेत, म्हणालो. ती म्हणाली, पोती आधीही होतीच. मी वाद घालायला लागलो. माझा वाद तुम्हाला माहीत आहे. पण वाक्याच्या मध्येच आवाज फाटला आणि पुढे नुसती हवा आली.

घसा बसला असेल म्हणून ज्येष्ठमध चघळत राहिलो. शेवटी गेल्या आठवड्यात लीनानं पुण्याला नेलं. डॉक्टरांनी घशात आरसा धरून पाहिलं. गाठ आहे, दादा. येत्या गुरुवारी कापणार आहेत. गाठीबरोबर आवाजही कायमचा जाईल, असं त्यांनी सरळ सांगितलं.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी प्रार्थनाघरात शिरलो आणि कडी लावून घेतली. देव माझा गड, माझी ढाल, असं इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो. तेच शब्द आता स्वतःसाठी काढले. त्यातला एकही शब्द मनात जागा धरेना. आजवर मला कोणी उभं धरलं होतं, देवानं की या आवाजानं, तेच कळेना.

तेवढ्यात दारावर थाप पडली. सुकडीची वेळ झाली होती. "आत कोन हाय?" असं कारभारी विचारत होता. मी ओ द्यायला तोंड उघडलं, आवाज आला नाही. थापा वाढल्या. मी उठून कडी काढली. कारभारीनं माझा चेहरा पाहिला. मग हात चोळत म्हणाला, "आमाला दारं वाजवायची सवय न्हाई, पाद्रीबाबा. हात दुखला."

मला हसू फुटलं, आवाजाशिवाय. मग हसता हसता रडू आलं. त्याच चौकटीत बसून मी त्याला कुजबुजत सगळं सांगितलं.

संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून दार उतरवलं. माझा शनीवर विश्वास नाही, कारभारीचा ख्रिस्तावर नाही, फळ्या मात्र दोघांना सारख्याच जड लागल्या. आता त्या विटांवर टाकून लीना त्यांच्यावर सुकडी वाटते.

आवाज वाचू दे, असं मी रोज मागतो. ते लपवत नाही. पण ज्याच्यामागे मी निघालो, तो ख्रिस्त न्यायासनासमोर गप्प उभा होता. त्या गप्प राहण्यावर मी किती भाषणं केली! आता मलाही गप्प राहायचं आहे, आणि त्या शांततेत तो आधीपासून उभा आहे असं वाटतं. मी मुका झालो तरी त्याच्या हातातून सुटत नाही. भीती आहेच, पण तिला आता तळ लागला आहे. माझी श्रद्धा बदललेली नाही, हे वहिनींनाही सांगा, उगाच आशा नको.

लहानपणी वक्तृत्वस्पर्धेच्या आधी तुम्ही मला मैदानाच्या त्या टोकाला उभं करायचात आणि म्हणायचात, "शाम्या, मला ऐकू आलं पाहिजे." हा आवाज तुम्हीच घडवलात. तो जाण्याआधी एकदा तुम्हाला 'दादा' अशी हाक मारायची आहे. कुजबुजीएवढीच निघेल, जवळ यावं लागेल.

बुधवारी सकाळच्या एस.टी.नं पुण्याला निघतो. वाटेत केडगावच्या थांब्यावर उतरेन. तुम्ही आला नाहीत तर राग नाही, पुढची गाडी धरून जाईन. पण उतरेन नक्की.

अजून तरी ज्याचा आवाज तुम्ही ओळखाल, तो तुमचा
शामकांत