शंभर कविता, पुस्तक न उघडता

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ७.
आजपासून यूट्यूब चॅनल. नाव 'पाठ कविता'. पहिली ते दहावी, शंभर कविता, रोज एक, पुस्तक न उघडता. टीव्हीवर भांडणं, पेपरात जाहिराती. कवितेला आता हाच एक ओटा उरलाय. छत्तीस वर्षं रेवदंड्यात मराठी शिकवलं, मला कसलं पुस्तक लागतंय. मोबाईल कुमुद धरते. बायकोला कवितेतलं कळत नाही, पण हात स्थिर आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर.
'होडी' म्हटली. एकोणीस व्ह्यूज. शेजारी सुकट वाळत घातलीय, वास व्हिडिओत जात नाही हे एक बरं. दोहाहून नुरुद्दीनची कमेंट, सर, होडी कालपण झाली ना? याला उजळणी म्हणतात. दहावीपर्यंत शेवटच्या बाकावर बसला, त्याला काय कळणार.

शनिवार, ८ नोव्हेंबर.
आज नवी कविता घेतली, 'होडी'.
खाडीकाठी उभी एकटी जुनी आमुची होडी,
भरती येता अजून करिते...
इथे थांबलो. मुद्दाम. वर्गात शेवटचे शब्द मी सोडायचो, पोरं एका सुरात पूर्ण करायची. कुमुद म्हणाली, अहो, पुढे म्हणा की. म्हटलं, ती जागा प्रेक्षकांची. तर म्हणे, दीड मिनिट झालं, माझा हात भरून आला.

सोमवार, १० नोव्हेंबर.
माझ्या थांबण्याची कुणीतरी रील केली. चाळीस हजार व्ह्यूज. आख्ख्या नोकरीत एवढी मुलं हाताखालून गेली नाहीत. खाली लिहिलंय, 'सर हँग झाले', आणि हसरे चेहरे. नव्या पिढीची दाद द्यायची पद्धत. आता ब्लॉगही हवा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.
सकाळी ब्लॉग उघडला. पासवर्ड सोपा, म्हणून लिहून ठेवला नाही. दुपारपासून ब्लॉग उघडत नाही. इकडे नेटचा प्रॉब्लेम फार.

गुरुवार, १३ नोव्हेंबर.
नुरुद्दीनचा मेसेज. मला नाही, कुमुदला. काकू, बुरा मानू नका, आमच्या अब्बांचंपण असंच सुरू झालं होतं. सरांना अलिबागला दाखवून आणा.
निबंधात कमी मार्क दिले, त्याचा राग आहे हा. तसं कुमुदला म्हटलं. ती हसली नाही. म्हणाली, मी सगळे व्हिडिओ परत पाहिले. दहा आहेत. सात होडीचे.
लोकाग्रहास्तव, म्हटलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर. सकाळी.
रिक्षाने अलिबागला निघालोय, मोबाईलचा स्टँड घ्यायला. वाटेत कुमुदचं डॉक्टरांकडे काहीतरी काम आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी. तारीख कुमुदला विचारली.
डॉक्टरांनी मलाच खुर्चीत बसवलं. विचारलं, आज वार कोणता. मी वर्गातल्यासारखी जागा सोडली. त्यांनी ती भरली नाही. कुमुदकडे पाहिलं, ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.
स्टँड राहिला.
येताना रिक्षात होडी सुरू केली. 'अजून करिते'पाशी थांबलो. लाटांसंगे खोडी, कुमुद हळूच म्हणाली. पुढची चार कडवीही तिनेच म्हटली, न अडखळता. स्वयंपाकघरातून ऐकून पाठ झालेली.
मी मुद्दाम थांबलो नव्हतो.