बाकावरचा गिअरबॉक्स

शनिवार, संध्याकाळ. तुर्भे.

इंजिनाचे माउंट, एक्झॉस्ट, गिअरचा दांडा, आणि दाता-दाताला हात लावून पुन्हा जुळवलेला जुना मॅन्युअल गिअरबॉक्स. एवढं या गाडीत माझ्या हातचं. शिकवायला कुणी नव्हतं.

आज तो काढून ऑटोमॅटिक बसवला आणि यार्डात तीन धावा घेतल्या. तिन्ही हुबेहूब सारख्या. ड्रॅग रेसला, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीला, हेच लागतं, कबूल. मॅन्युअलवर माझा एखादा गिअर उशिरा पडतोच.

पण डावा हात ऐकेना. दर गिअरला जुन्या दांड्याच्या जागेकडे जायचा. शेजारी बसलेला मेहुणा सतीश म्हणाला, "भाऊजी, टाटा कुणाला करताय?" हसू आलं नाही. तिथे काही नव्हतं, तरी मुठीत दांडा लागत होता.

गॅरेज उघडलं. जुना बॉक्स मी बाकावर न्यूट्रलमध्ये ठेवला होता, यात चूक होत नाही माझी. तो चौथ्या गिअरमध्ये होता. यार्डातली शेवटची धाव चौथ्यातच संपली होती.

सतीशने हात लावला. "अहो, हा गरम कसा?" चहासुद्धा न घेता निघून गेला.

उन्हाने? बाकावर ऊन येत नाही. तेल तर मीच काढलेलं. माझा डावा हात मात्र बर्फासारखा गार. बॉक्सवर ठेवला तेव्हा कुठे बोटांत जीव आला. आता दुसरं काय ठरवणार? उद्याच्या रेसला मॅन्युअलच.

ऑटोमॅटिक ज्याच्याकडून घेतला, त्या ऐरोलीच्या केतनचा आत्ताच फोन आला. "काका, जुना बॉक्स मला द्या, दीड लाख देतो."

नाही म्हणालो. दीड लाखाला.