पांढरा कोट

४ मार्च, सोमवार

डॉक्टरांची कंबर धरली! विमानतळावर सामान तोलत होतो तेव्हा त्यांचा फोन. उठताच येत नाही म्हणे. औषधांची खोकी, त्यांचा पांढरा कोट, सगळं आमच्यासोबत, फक्त डॉक्टर घरी.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब जरा वेळ डोळे मिटून उभे राहिले, मग माझ्याकडे वळले. "कोट तुम्ही घाला. तिथल्या खेड्यातली रोग्यांची तपासणी साधीच असते." म्हटलं, साहेब, मी त्यांचा कंपाउंडर. चौतीस वर्षं पुड्या बांधल्या. "तेच म्हणतो मी. अर्धे डॉक्टरच तुम्ही!"

ही बात गावभर थट्टेत चालते. परदेशात चालेल का, हे विचारायला तोंड उघडेपर्यंत रांग पुढे सरकली.

५ मार्च, मंगळवार

पोहोचलो. विमान, मग बस, मग अडीच तास खडबडीत रस्ता. इथली ख्रिस्ती मंडळी लहान, शंभरेक माणसं. यांच्या मंडळीशी आपल्या मंडळीची कायमची भागीदारी व्हावी म्हणून पाळकसाहेब पाच वर्षं पत्रं लिहितायत. रविवारी करारावर सह्या.

इथले मास्तर आपल्याकडे शिकून गेलेले, त्यामुळे आपलं बोलणं तेच त्यांच्या भाषेत सांगतात. त्यांनी ओळख करून दिली— पाहुणे डॉक्टर! सगळे उभे राहिले. मी पाळकसाहेबांकडे पाहिलं, त्यांनी छताकडे. नंतर कानाशी म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

माझा मुक्काम सुताराच्या घरी. तो, त्याची म्हातारी आई आणि बायको. बायकोला आठवा महिना. स्वतःची खोली मला देऊन तिघं पुढच्या खोलीत जमिनीवर झोपतात. नको म्हटलं तर म्हातारी रागावली.

६ मार्च, बुधवार

सकाळपासून रांग. खोकला, खरूज, जंत, अंगदुखी. हे मला येतं. नाकारत नाही— बरं वाटलं.

दुपारी मास्तरांनी कौतुकानं सांगितलं, "आज खरं तर आरोग्य खात्याची गाडी यायची. महिन्यातून एकदा नर्स येते, गरोदर बायकांना तपासते. आम्ही कळवलं, या खेपेला येऊ नका. पाहुण्यांचा डॉक्टर घरात असताना दुसरं माणूस बोलवायचं म्हणजे तुमचा अपमान."

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. "केवढा हा विश्वास!" मी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

७ मार्च, गुरुवार

कोट मला शोभतो. आरशात दोनदा पाहिलं. म्हातारा माणूस आणि ही हौस!

८ मार्च, शुक्रवार

सुताराच्या बायकोचं तोंड सुजलंय. पायावर बोट दाबलं तर खड्डा राहतो. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे. ब्लडप्रेशर १७०–११०. पुन्हा मोजलं. तेच.

हे मी पाहिलंय. अशी बाई आली की आमचे डॉक्टर खुर्चीतून उठायचे. "गाडी बोलाव. मोठ्या दवाखान्यात, आत्ताच्या आत्ता." गाडी मीच बोलवायचो.

तेच मास्तरांकरवी सांगितलं. म्हातारी हसायला लागली. सुतार म्हणाला, "तुम्ही आहात ना! घरातला डॉक्टर सोडून बायको शहरात नेली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

एकच वाक्य हवं होतं. मी डॉक्टर नाही. ते न बोलता पाळकसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "परवा सह्या. सोमवारी आपल्याच गाडीतून तिला नेऊ. आज हे बोललात तर पाच वर्षं पाण्यात."

मी "बरं" म्हणालो. चौतीस वर्षं तेच तर म्हणत आलो. सुताराच्या घरी येऊन मास्तरांकरवी तिला सांगितलं, मीठ बंद, डाव्या कुशीवर पडून राहा.

९ मार्च, शनिवार

१६०–१००. उतरलं! जेवण गेलं आज.

संध्याकाळी पाहतो तर पोरगी उठून माझा कोट इस्त्री करतेय, उद्याच्या कार्यक्रमासाठी. ओरडलो. तिला शब्द कळले नाहीत, हसली, आणि कॉलर परत उलटून इस्त्री फिरवली.

१० मार्च, रविवार

सह्या होत होत्या. तिसरं गीत चालू असताना ती बाकावरून घसरली. झटके. तोंडाला फेस. लोकांनी मला वाट करून दिली! दोन्ही बाजूंना सरकून, अगदी निर्धास्त चेहऱ्यांनी. मी तिला कुशीवर वळवलं. त्यापुढचं मला येत नाही.

गाडीत घातलं. अर्ध्या वाटेवर गेली. बाळ पोटातच.

१२ मार्च, मंगळवार

काल माती दिली. नंतर सगळे सुताराच्या अंगणात बसले. मी कोट काढला, घडी करून पायाशी ठेवला आणि उभा राहिलो. सगळं बोललो. मी डॉक्टर नाही, कंपाउंडर आहे. शुक्रवारीच मला कळलं होतं. बोललो असतो तर तुम्ही तिला नेलं असतं. ती माझ्या गप्प बसण्यानं गेली.

पाळकसाहेबांनी मान वर केली नाही. मास्तरांनी सुताराकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. मग त्यांनी गावच्या भाषेत सांगायला सुरुवात केली. सगळं अंगण रडायला लागलं.

वाटलं, आता दगड येतील. यायलाच हवे होते. सुतार उठला, माझे दोन्ही हात धरले आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. म्हातारीनं माझं कपाळ चुंबलं.

मला माफ केलं! हे ऐकून, हे सगळं ऐकून मला माफ केलं. अशी माणसं असतात? रविवारी रविवारी क्षमेवर ऐकत आलो, पण ती हाताला लागली ती काल.

२४ मार्च, रविवार

हिला घरी आल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. ती दोन दिवस बोलली नाही. आज म्हणाली, "तुमचं तोंड कधी वेळेवर उघडलंय? पण त्यांच्या पुढ्यात बोललात ना. जेवा आता." जेवलो.

उपासनेत पाळकसाहेबांनी यात्रेचा अहवाल वाचला. "एका भगिनीचं दुःखद निधन." एवढंच. पूर्वी चिडलो असतो. आता ती पोरगी डोळ्यांपुढे आली की म्हातारीचे ओठ कपाळावर आठवतो, आणि श्वास येतो.

१९ ऑगस्ट, सोमवार

मास्तरांचं पत्र आलं. जसंच्या तसं उतरवतो.

"त्या दिवशी अंगणात तुम्ही जे बोललात ते मी सांगितलं नाही. दुःखाच्या घरात पाहुण्याची मान खाली जाऊ नये. मी सांगितलं, डॉक्टरांनी शर्थ केली, पण देवाची इच्छा. रागावू नका. सगळे तुमची आठवण काढतात. पुढच्या महिन्यात येताय ना? गावातल्या दोघींचे दिवस भरत आलेत. नर्सच्या गाडीला नको म्हणून कळवलंय."