कंपनीनं गुडघे टेकले

२ जून, संध्याकाळ

किल्ला गेला. पडला नाही, माझा किल्ला पाडणारा अजून जन्माला यायचाय. दिसेनासा झाला. ऑफिसातून आलो, हातपाय धुतले, लॅपटॉप उघडला, तर किल्ल्याच्या जागी करडी पाटी: हा गेम आता या सेवेवर उपलब्ध नाही.

चहा गार झाल्यावर सगळा उलगडा झाला. माझा लॅपटॉप म्हातारा. गेम लावला की धापा टाकतो. म्हणून गेम घेतला गेमवाल्या कंपनीकडून, आणि तो चालवायला क्लाउडवाल्यांची सेवा घेतली. गेम चालतो त्यांच्या लांबच्या कॉम्प्युटरवर, माझ्या घरी नुसतं चित्र येतं. आता या दोन कंपन्यांचं आपसात बिनसलंय आणि गेमवाल्या कंपनीनं आपले सगळे गेम क्लाउडवरून उचलून नेलेत. भांडण त्यांचं, बेघर मी.

सूड घेणार. शांत डोक्यानं.

३ जून

झोप नाही. डोकं शांत नाही. सूड कायम.

परिस्थितीची नोंद करून ठेवतो. आमची फौज पाच जणांची. मी सेनापती. मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, उपसेनापती. शिवाय एक रिटायर्ड मास्तर, कोपऱ्यावरचा औषधांच्या दुकानवाला आणि एक दातांचे डॉक्टर, जे काही बोलत नाहीत पण तोफ उत्तम चालवतात. सेनापतीनं खातं सोडलं किंवा तो फार दिवस फिरकला नाही, तर किल्ला आपोआप उपसेनापतीकडे जातो. असा त्या गेमचा नियम.

म्हणजे मेहुण्याकडे.

बाहेरच्या जगात मेहुण्याचा फ्लॅट मोठा, गाडी मोठी, केस शाबूत. आमच्या घरात कुठलीही वस्तू बिघडली की ही म्हणते, दादूकडे बघा कशी आहे. पण किल्ल्यात हाच दादू मला विचारल्याशिवाय दरवाजाची कडीसुद्धा काढत नाही. सेनापती, उघडू का, असं विचारतो. पृथ्वीवर ही एवढीच जागा आहे. ती मी सोडणार नाही.

रात्री त्याचाच फोन. म्हणाला, भाऊजी, माझा मोठा कॉम्प्युटर आहे ना, इकडे येऊन खेळा की, तुमचंच खातं उघडायचं, सगळं जसंच्या तसं मिळेल. आवाज फार गोड होता. एवढा गोड आवाज माणूस उगाच काढत नाही. नाही म्हणून सांगितलं. सेनापती उसन्या खुर्चीत बसत नाही.

५ जून

फौजेच्या ग्रुपवर हुकूम काढला: कंपनीवर संपूर्ण बहिष्कार. कुणीही गेमला हात लावायचा नाही. पाच खेळाडू एका दमात बंद झाले की कंपनीच्या पोटात गोळा येईल.

मास्तरांनी अंगठा पाठवला. औषधवाल्यानंही. डॉक्टरांनी वाचलं. मेहुण्यानं लिहिलं, जशी आज्ञा, पण भाऊजी, किल्ल्यावर कुणी चालून आलं तर. मी लिहिलं, येऊ दे. नंतर वाटलं, येऊ नये.

८ जून

कंपनीला पत्र. जालीम. मी गेली बरीच वर्षं फ्रिज आणि वॉशिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात आहे. कुठली तक्रार झोंबते आणि कुठली नाही हे मला कळतं. पत्रात कायदा, नीती आणि परिणाम असे तीन भाग केले. परिणामांचा भाग मोघम ठेवला. मोघम धमकी जास्त लागते.

दोन मिनिटांत उत्तर. आपल्या भावना आम्ही समजतो. आपलं म्हणणं संबंधित विभागाकडे पाठवण्यात आलं आहे.

हेच वाक्य मी रोज दिवसभर लोकांना पाठवतो. आमच्याकडे संबंधित विभाग नाही. ते बटणच आहे. पण ती जगभर पसरलेली कंपनी आहे, तिच्याकडे असणारच. शिवाय दोन मिनिटांत उत्तर, म्हणजे कुणीतरी माझ्या पत्राची वाटच बघत बसलं होतं. हादरलेत.

११ जून

कंपनीच्या बोधचिन्हाचा टी-शर्ट जाळायचा ठरवला. ही म्हणाली, जाळू नका, कापड चांगलंय, ओटा पुसायला द्या. चर्चेअंती दिला. आता ते बोधचिन्ह रोज तेलातुपातून आणि सांडलेल्या दुधातून फिरतं. जाळण्यापेक्षा हे क्रूर आहे. सकाळी मुद्दाम स्वयंपाकघरात उभा राहून बघितलं. ही म्हणाली, बघत काय उभे राहिलात, गॅस तरी पुसा.

मीच पुसला. आणखी मजा आली.

१३ जून

ऑफिसात मोठी कल्पना सुचली. गेमवाल्या कंपनीत काम करणाऱ्यांच्या घरीही फ्रिज असणार. त्यातला एखादा आमचा असणार. तो कधीतरी बिघडणार. मग बघतो.

दुपारभर तक्रारी चाळल्या. त्या कंपनीचं कुणी सापडलं नाही. पण एका ग्राहकाच्या ईमेलमध्ये गेमर असा शब्द निघाला. जवळचाच निघाला म्हणायचा. त्याची तक्रार उचलून रांगेच्या तळाशी ठेवली. बर्फ वितळतोय म्हणत होता. वितळू दे.

हलकं वाटलं.

१४ जून

तो साहेबांचा मेहुणा निघाला.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, घरगुती फ्रिजमध्ये मासे किती वेळ टिकतात असं तुम्हाला वाटतं. मी म्हटलं, ते फ्रिजवर अवलंबून आहे. साहेब म्हणाले, फ्रिज आपलाच आहे. त्यांचं घर मेहुण्याच्या शेजारीच आहे म्हणे, आणि बायकोनं सकाळपासून त्यांच्याशी बोलणं टाकलंय.

संध्याकाळी मेकॅनिकबरोबर मला स्वतः जावं लागलं. वास अजून नाकात आहे. जगातल्या सगळ्या मेहुण्यांना एकच उपाय आहे, पण तो इथे लिहीत नाही.

हाही हिशोब गेमवाल्या कंपनीच्याच नावावर मांडला.

१६ जून

आता शेवटचं हत्यार. कंपनीला कळवलं, गेम क्लाउडवर परत आणा, नाहीतर मी माझं खातं कायमचं बंद करतो. नुसतं कळवून थांबलो नाही. खातं बंद करण्याचं बटण दाबलंसुद्धा. धमकीला वजन हवं.

बटण दाबल्यावर त्यांनी विचारलं, खात्री आहे का. पुन्हा विचारलं, नक्की का. तिसऱ्यांदा तर लिहिलं की तुमचा किल्ला, तुमचं पद आणि तुमच्या सगळ्या लढाया पुसल्या जातील, विचार करा. एवढ्या विनवण्या मला लग्नातसुद्धा कुणी केल्या नव्हत्या.

दुपारी ईमेल. विनंती मिळाली. खातं महिनाअखेर बंद होईल. तोवर विचार बदलला तर खालचं बटण दाबा. तुम्ही जाताय याचं आम्हाला वाईट वाटतं.

वाईट वाटतं म्हणे. आत्ता कुठे सुरुवात आहे.

१८ जून

ऑफिसात एका बाईंचा ईमेल. मशीन फार हलतं, आठ दिवसांत दुरुस्त केलं नाही तर घेऊन जा तुमचं मशीन. मी लगेच परतीचा टेम्पो पाठवला. बाईंचा रडवेला फोन आला, अहो, मी नुसतं म्हटलं होतं, घरात कपड्यांचा ढीग पडलाय, आता धुऊ कुठे. मी समजावलं, बाई, आम्ही ग्राहकाच्या शब्दाला किंमत देतो.

लोक धमकी देताना पुढचा विचारच करत नाहीत. दिवसभर हसू येत होतं.

२२ जून

कंपनीचा दुसरा ईमेल. आठवण करून देतो, आपलं खातं लवकरच बंद होणार आहे. बटण पुन्हा खाली ठेवलंय. या खेपेला मोठं आणि हिरवं. म्हणजे लाचारी वाढली.

हिला वाचून दाखवला. ती म्हणाली, दाबा की मग बटण. मी म्हटलं, इतक्यात नाही, आधी त्यांना नीट माफी मागू दे. ती म्हणाली, अहो, ते ईमेल मशीन पाठवतं, तुम्हीच सांगता ना तुमच्या ऑफिसात तसं असतं म्हणून. मी म्हटलं, आमचं वेगळं. ती म्हणाली, वेगळं कसं. मी पेपर वाचायला घेतला.

आता कंपनीनं तिसऱ्यांदा लिहावं. त्यात माझं नाव घेऊन लिहावं. मग बघू.

२५ जून

डोकं दुखत होतं म्हणून औषधांच्या दुकानात गेलो. गोळी देताना औषधवाल्याचा हात काउंटरखालीच अडकलेला. वाकून बघितलं, तर तिथे त्याच्या नव्या लॅपटॉपवर माझा किल्ला. माझा. पूर्वेचा बुरूज, माझ्या हातानं चढवलेली तोफ, सगळं.

गोळी हातातच राहिली. औषधवाला म्हणाला, रागावू नका, आम्ही खेळत नाही, नुसती राखण करतो. उत्तरेची टोळी रोज संध्याकाळी येते, सोडलं असतं तर तुम्ही परत येईपर्यंत दगडसुद्धा राहिला नसता. दादूच म्हणाला, सेनापती येईपर्यंत टिकवायचं. तुमच्या खुर्चीला कुणी हात लावलेला नाही.

गद्दारी. गोड शब्दांत गुंडाळलेली गद्दारी. सूड घेण्याच्या यादीत चौघांची नावं घातली. डॉक्टरांचं खाली घातलं, पुढच्या आठवड्यात दाढ दाखवायचीय.

गोळी तशीच गिळली. पाणी त्यांच्याकडचं घेतलं नाही.

२९ जून, सकाळ

काल दुपारी हिनं जेवायला म्हणून माहेरच्यांकडे नेलं. जेवण झालं. मेहुणा म्हणाला, भाऊजी, पाच मिनिटं बसा तरी, खुर्ची बघा कशी आहे. खुर्ची बघायला म्हणून बसलो. पाठीला टेकून मागे जाते, पाय वर येतात. तक्रार करण्यासारखं काही सापडलं नाही. त्यानं गेम लावला आणि म्हणाला, टाका तुमचा पासवर्ड, मी तिकडे तोंड करतो.

टाकला. उघडलं. किल्ल्याच्या दारावर पाटी: हे खातं बंद होण्याच्या मार्गावर आहे. परत यायचं असेल तर विनंती मागे घ्या. एकच बटण. हिरवं.

दाराच्या फटीतून माझी खुर्ची दिसत होती. रिकामी. मास्तर तिच्यासमोर पहारा देत उभे. वयाला शोभत नव्हतं, पण उभे होते.

बोट ठेवलं. एवढ्यात मेहुण्यानं पाठीमागून हळूच विचारलं, भाऊजी, कंपनीची माफी आली का हो. टोमणा नव्हता. खरंच विचारत होता. मीच त्याला आठवडाभर सांगत होतो की कंपनी रांगत येईल आणि तोवर मी बटणाकडे बघणारसुद्धा नाही.

मी म्हटलं, तुझा स्क्रीन फार चमकतो, डोळ्यांना त्रास होतो. आणि उठलो.

तो म्हणाला, उजेड कमी करतो ना. मी म्हटलं, नको.

घरी आल्यावर ही म्हणाली, त्यानं सकाळी बसून तुमच्यासाठी खुर्चीची उंची लावली होती.

अजून वेळ आहे. तिसरा ईमेल आला की दाबतो. इथे, माझ्या लॅपटॉपवर, एकटा असताना. त्यावर गेम चालत नसला तरी बटण चालतं.

३० जून

ईमेल नाही. शेवटच्या क्षणी येणार. मोठ्या कंपन्या अशाच ताणून धरतात. मीही ताणून धरलंय.

१ जुलै, सकाळ

ईमेल आला. नाव घेऊन आला. आपलं खातं बंद करण्यात आलं आहे. आपण इतके दिवस आमच्यासोबत होतात याचा आनंद वाटतो.

बटण शोधलं. पान वर केलं, खाली केलं. शेवटपर्यंत गेलो. तिथे कंपनीचा पत्ता आहे. बटण नाही.

१ जुलै, दुपार

कंपनीला कळवलं की गैरसमज झाला आहे. खातं बंद करण्याचा माझा हेतू कधीच नव्हता, मी नुसतं म्हटलं होतं.

उत्तर: आपल्या भावना आम्ही समजतो. आपलं म्हणणं संबंधित विभागाकडे पाठवण्यात आलं आहे.

ऑफिसात कुणाच्याही पत्राला उत्तर दिलं नाही.

५ जुलै

दोन्ही कंपन्यांचं जुळलं. गेम क्लाउडवर परत आले, सगळे, पहिल्यासारखे. बातमी मेहुण्यानंच फोन करून दिली. म्हणाला, भाऊजी, तुम्ही म्हणत होतात तसंच झालं की, नमले शेवटी. मी हो म्हटलं. मग तो जरा घुटमळला आणि म्हणाला, किल्ला आपोआप माझ्या नावावर आलाय, मी काही केलं नाही, परत कसा द्यायचा तेही कळत नाही, तुम्ही नवं खातं उघडलंत तरी पहिल्या पायरीच्या खेळाडूला तो देताच येत नाही म्हणे.

मी म्हटलं, ठेव तुझ्याकडे, मला तसाही कंटाळा आला होता. पुढे म्हटलं की आता मी तुमच्याच किल्ल्यावर चालून येईन, स्वतःची नवी फौज घेऊन, आणि तुमचा एकही बुरूज शिल्लक ठेवणार नाही. तो म्हणाला, या ना, मजा येईल.

नवं खातं उघडलं. नवी फौज उभारली. तीत मी आहे.

८ जुलै

उत्तरेच्या टोळीनं मला गाठलं आणि नव्या खेळाडूला मिळतात त्या माझ्या सगळ्या बकऱ्या नेल्या. एकटा माणूस काय करणार. तात्पुरता आसरा म्हणून मेहुण्याच्या फौजेत अर्ज केला. रणनीतीचाच भाग आहे. आत शिरून पोखरायचं.

अर्ज लगेच मंजूर. मास्तरांनी अंगठा पाठवला.

१० जुलै

पहिल्या पायरीच्या माणसाला तोफेला हात लावू देत नाहीत. मला विहिरीवरून पाणी आणायचं काम आहे. संध्याकाळभर पाणी आणलं. शेवटची घागर ठेवली तेव्हा मेहुणा सगळ्यांसमोर म्हणाला, शाबास.

बरं वाटलं.